नाशिकचा उन्हाळा आणि दमलेला एसी: इथं नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

"नाशिकला एसी कशाला हवा?" घर दाखवणारा एजंट हेच म्हणतो, सोसायटीतले जुने काकाही हेच म्हणतात, आणि डिसेंबरात घर ठरवलं असेल तर तुम्हालाही ते पटतं. शेजारच्या निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या वाचत शाल गुंडाळून बसलेल्या माणसाला मे महिना आठवत नाही. मग एप्रिल येतो, पारा चाळिशीला टेकतो, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री दहा वाजतासुद्धा उब फेकत असतो आणि दीड टनाचा एसी दुपारभर घरघरूनही खोली तिशीच्या खाली आणत नाही. मेकॅनिकला फोन लावला की उत्तर ठरलेलं: "गॅस कमी झालाय, भरावा लागेल."

मी पाथर्डी फाट्याच्या बाजूला शेवटच्या मजल्यावर भाड्यानं राहते. इंदिरानगर, सिडको, म्हसरूळ, नाशिकरोड, कुठल्याही भागातल्या शेवटच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा, गोष्ट हीच ऐकायला मिळेल. बहुतेक वेळा एसी बिघडलेला नसतो. त्याच्यावर घराचं ओझं जास्त पडलेलं असतं, किंवा तो धुळीनं कोंडलेला असतो. म्हणून खालचा क्रम तसाच ठेवा: आधी घर, मग फिल्टर आणि आउटडोअर (एसीचा बाहेर बसवलेला डबा), मग वीज, आणि गॅस सगळ्यात शेवटी. मेकॅनिक नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

आधी हे हाताशी ठेवा

कागद:
- एसीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. बऱ्याच कंपन्या पूर्ण मशीनला १ वर्ष आणि कॉम्प्रेसरला १० वर्षं वॉरंटी देतात. पीसीबीचं (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं) वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा.
- इनडोअर आणि आउटडोअर, दोन्हींवरच्या स्टिकरचा फोटो. सिरियल नंबर, गॅसचा प्रकार आणि गॅसचं वजन त्यावरच असतं. आउटडोअर ग्रिलच्या बाहेर असेल तर बसवतानाच फोटो काढून घ्या, नंतर हात पोचत नाही.
- महावितरणचं ताजं बिल. त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार लागेल.
- भाड्यानं असाल तर करारनामा. एसी मालकाचा असेल तर दुरुस्ती कुणी करायची, हे त्यात लिहिलंय का बघा. नसेल तर मार्चमध्येच मेसेजवर विचारून ठेवा, मे महिन्यात मालक फोन उचलत नाहीत.
- गच्चीवर काही बांधायचं असेल किंवा बाहेरच्या भिंतीवर आउटडोअर लावायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी.

सामान: वायरच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर, जुना मऊ टूथब्रश, टॉर्च, बागेला पाणी घालायचा पाईप. बस्स.

१. इथली हवा कोरडी आहे, हे आधी डोक्यात घ्या

मुंबई-ठाण्याहून आलेल्यांचा सगळा गोंधळ इथंच होतो. तिकडं घामानं जीव जातो. इथं एप्रिलमध्ये वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतात, ओठ फुटतात, आणि घाम आलेला कळतच नाही कारण तो येता येताच सुकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. दुपारी चाळीस असलेला पारा पहाटे बावीस-चोवीसवर येतो. ह्या दोन गोष्टींचा, कोरडेपणाचा आणि गार रात्रीचा, उपयोग करून घेतला तर एसीचं काम निम्म्यावर येतं.

ह्याच कोरडेपणामुळे एक फसगत होते. एप्रिलमध्ये एसीच्या ड्रेन पाईपमधून पाण्याचा थेंबही पडत नाही. शेजारी म्हणतात, "पाणी पडत नाही म्हणजे गॅस गेला." मेकॅनिकही मान डोलावतो. खरं कारण साधं आहे: हवेत बाष्पच इतकं कमी असतं की थंडगार कॉइलवरही (एसीतल्या गार नळ्यांवरही) ते साठत नाही. तोच एसी जूनमध्ये बादलीभर पाणी काढतो. तेव्हा पाणी पडत नाही एवढ्यावरून गॅससाठी पैसे देऊ नका.

रिमोटवरचा 'ड्राय' मोड हवेतला ओलावा काढायला असतो. एप्रिलच्या नाशिकमध्ये काढायला ओलावा आहेच कुठे? तो मोड पावसाळ्यासाठी ठेवा.

२. एसीला हात लावण्याआधी घराचं ओझं उतरवा

खिडक्यांचं वेळापत्रक: सकाळी नऊ-साडेनऊला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघड्या. नेमकं कधी, ते थर्मामीटर सांगेल, साधारण साडेसात-आठनंतर. झोपण्याआधी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे जोरात लावा. भिंतींची उष्णता बाहेर गेली की मगच एसी. उलट केलं, म्हणजे ऑफिसातून आल्याआल्या तापलेलं घर बंद करून एसी लावला, तर तो पहिले दोन तास हवा नाही, भिंती थंड करत बसतो.

पश्चिमेची खिडकी: तीन ते सहाचं ऊन सगळ्यात वाईट, कारण ते तिरपं येतं आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. आतून कितीही जाड पडदा लावा, काच तापली की उष्णता आत आलीच. आडोसा बाहेरून हवा. बांबूची चटई, वाळ्याचा पडदा, नाहीतर ग्रिलला बांधलेली शेडनेट.

शेडनेटबद्दल थोडं सविस्तर, कारण ह्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. भोवताली द्राक्षबागा, नर्सऱ्या, गुलाब आणि ढोबळी मिरचीची शेडनेट-पॉलिहाऊस असल्यामुळे शेतीसाहित्याच्या दुकानात चांगल्या प्रतीची नेट मीटरवर मिळते. 'गार्डन' लिहिलेली पाकिटं ऑनलाइन मागवू नका. दुकानात ५० टक्के, ७५ टक्के असं सावलीच्या टक्केवारीवर मागायचं. खिडकीला ५० पुरते, वारा आणि उजेडही येतो. गच्चीसाठी ७५. कडा दुमडून शिवून घ्या आणि आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) मारून घ्या, नाहीतर पहिल्याच वावटळीत फाटते.

स्लॅब: शेवटच्या मजल्यावरच्यांनी खरा खर्च इथं करावा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडतं. त्यामुळे बाहेर गार वारा सुटलेला असताना तुमची बेडरूम भट्टी असते. उपाय तीन, स्वस्ताकडून महागाकडे.

पहिला, चुना. गच्ची झाडून, धुऊन, फेव्हिकॉलसारखा डिंक मिसळलेला चुन्याचा जाड हात, दोनदा. एक उन्हाळा निघतो, पावसात धुऊन जातो. लावताना डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. दुसरा, शेडनेट, पण स्लॅबला चिकटवून नाही, डोक्याच्या उंचीवर ताणून, म्हणजे मधून वारा खेळतो. तिसरा, पांढरा उष्णतारोधक रंग, जो वॉटरप्रूफिंगबरोबरही मिळतो. सोसायटीला गळतीसाठी खर्च करायचाच असेल तर हाच मुद्दा मीटिंगमध्ये मांडा. गच्चीवर आधीच पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक असेल तर फक्त घासून स्वच्छ करा. काळवंडलेलं मोझॅक ऊन परतवत नाही.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची जुनी सवय कामाची आहे, पण ज्या वर्षी पाणीकपात आहे त्या वर्षी टाकीतलं पाणी गच्चीवर ओतलं तर सोसायटीच्या ग्रुपवर काय होईल ते मी सांगायला नको. शिवाय भेगा असतील तर ते पाणी तुमच्याच छतातून उतरतं.

३. एसी आजारी आहे की दमलाय, ते मोजा

इथं अंदाज चालत नाही. ही चाचणी दुपारी चारला एकदा आणि रात्री अकराला एकदा करा.

खोली बंद, 'कूल' मोड, १८ अंश, पंख्याचा वेग पूर्ण. वीस मिनिटं थांबा. इनडोअरच्या वरच्या जाळीपाशी, जिथून तो हवा ओढतो, तिथलं तापमान घ्या. मग खालच्या झडपेच्या तोंडाशी, जिथून गार हवा येते, तिथलं घ्या. दोन आकड्यांतला फरक बघा.

फरक ८ ते १२ अंश किंवा त्याहून जास्त असेल तर मशीन ठणठणीत आहे. तरी खोली थंड होत नसेल तर दोष घराचा, पायरी २ कडे परत. फरक पाच-सहाच्या आत असेल तर पुढे वाचा. रात्री फरक चांगला पण दुपारी वाईट, असं असेल तर नव्वद टक्के आउटडोअरला श्वास मिळत नाहीये.

चाचणीआधी रिमोट नीट बघा. हल्लीच्या 'कन्व्हर्टिबल' एसीत क्षमता ४० टक्के, ६० टक्के अशी कमी करायची सोय असते. हिवाळ्यात कुणीतरी, बहुधा घरातल्या मुलांनी, ते बटण दाबलेलं असतं आणि मे महिन्यात दीड टनाचा एसी पाऊण टनासारखा चालत असतो.

आणि अपेक्षाही जरा जमिनीवर ठेवा. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. बाहेर ४१-४२ असताना, त्यातून आउटडोअर तापलेल्या भिंतीला लागून असेल तर, ती क्षमता घटतेच. भर दुपारी वरच्या मजल्यावर खोली २६-२७ वर आली आणि वर पंखा फिरतोय, तर एसी आपलं काम करतोय. १८ वर ठेवल्यानं तो लवकर थंड करत नाही, फक्त थांबत नाही. २०२० पासून स्टार लेबलवाले एसी सुरू होताना २४ अंशांवरच उघडावेत असा नियम आहे, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबानं प्रत्येक अंश वर नेल्यावर साधारण ६ टक्के वीज वाचते.

४. फिल्टर आणि आउटडोअर

फिल्टरचं थोडक्यात: उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, आणि तुमच्या रस्त्यावर खोदकाम चालू असेल तर दर आठवड्याला. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत शहरभर कामं निघालेली असताना हे फार लांबवू नका. नळाखाली उलट्या बाजूनं धुवायचा, सावलीत वाळवायचा. ओला लावायचा नाही.

आउटडोअर मात्र नीट बघण्यासारखं प्रकरण आहे. टॉर्च घेऊन त्याच्या मागच्या बाजूला डोकवा. पुढचा पंखा स्वच्छ दिसतो म्हणून सगळे फसतात; पंखा हवा ओढतो मागच्या कॉइलमधून, आणि धूळ तिथं नमद्यासारखी बसलेली असते. भिंत आणि कॉइल यांच्यामधल्या वीतभर जागेत पारव्यांनी काटक्या, पिसं आणि तारांचे तुकडे आणून ठेवलेले असतात. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा आणि तोवर दुपारी एसीवर फार विसंबू नका. रिकामं घरटं असेल तर नाकाला रुमाल बांधून काढा, वाळलेली विष्ठा श्वासात जाणं चांगलं नाही.

मग धुणं. एमसीबी (विजेच्या बोर्डातला एसीचा खटका) बंद करा, नुसता रिमोट नाही. बागेच्या पाईपनं साध्या धारेनं कॉइल वरून खाली धुवा. प्रेशर पंप किंवा कार धुवायची बंदूक लावू नका, बारीक पाती वाकतात आणि मग कितीही धुतलं तरी हवा जात नाही. विजेच्या डब्याच्या बाजूला पाणी मारू नका. अर्धा तास वाळू द्या आणि मगच चालू करा. आउटडोअर ग्रिलबाहेर लटकत असेल तर हे काम तुमचं नाही. पट्टा लावून उतरणारा माणूस बोलवा.

जागेचं गणित: मागे साधारण फूटभर, पुढे तीन फूट मोकळं. नव्या बिल्डिंगांत आउटडोअर कोरड्या बाल्कनीत किंवा अरुंद डक्टमध्ये (बिल्डिंगच्या उभ्या पोकळीत) टाकतात, पुढे कपडे वाळत घालतात, आणि मग ते स्वतःनंच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत बसतं. डक्टमध्ये एकावर एक चार मजल्यांची आउटडोअर असतील तर सगळ्यात वरच्याला खालच्या तिघांची ऊब मिळते. डोक्यावर सावली जरूर करा, एखादा पत्रा किंवा नेट वीतभर वर, पण बाजूंनी गुंडाळू नका. पारव्यांसाठीची जाळीही मोठ्या छिद्रांचीच.

५. वीज

आउटडोअर मधेच बंद पडून दहा मिनिटांनी चालू होतंय, दिवे मंदावतायत, पंखा संथ फिरतोय, तर गॅसचा विषय काढूच नका. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे एसी एकदम लागले की व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी दोनशेच्याही खाली येत असेल तर जुना, इन्व्हर्टर तंत्र नसलेला (एकाच वेगानं चालणारा) एसी कॉम्प्रेसर उचलू शकत नाही. इलेक्ट्रिशियनकडून संध्याकाळी मोजून घ्या, सकाळी मोजून उपयोग नाही. सगळ्या बिल्डिंगचं पडत असेल तर महावितरणकडे तक्रार, १९१२ वर. ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून. एकट्या तुमच्याच घरचं पडत असेल तर वायरिंग.

एसीचा प्लग काढून बघा. पिना तपकिरी झाल्यात, प्लास्टिकला जळका वास आहे? तर सॉकेट सैल आहे. हे उन्हाळ्यातलं आगीचं अगदी नेहमीचं कारण. दीड टनाला स्वतंत्र लाईन हवी, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, आणि चालू स्थितीतलं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी कधीच नाही.

वीज गेली तर एसीचा एमसीबी खाली करा आणि वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून वर करा. वळवाच्या पावसात वीज जाते-येते, जाते-येते, तेव्हा पीसीबी उडतात.

दुसरा एसी घेणार असाल तर बिलावरचा मंजूर भार बघा. कमी असेल तर महावितरणच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून भारवाढीचा अर्ज करता येतो. आणि बिलाचे टप्पे लक्षात ठेवा: १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. दर टप्प्यागणिक चढतो. बिल अचानक फुगलेलं वाटतं ते एसीनं तीनशेची रेघ ओलांडल्यामुळे. रात्री २६ वर पंख्यासोबत इन्व्हर्टर एसी चालवला तर साधारण चार ते सहा युनिट जातात, त्यावरून महिन्याचा अंदाज घ्या.

६. मेकॅनिक आला की काय विचारायचं

एवढं सगळं करूनही फरक पाचच्या आत आहे, तर बोलवा. मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आसपास बोलावलं तर तो वेळ देतो. मे महिन्यात दिवसाला इतकी घरं करत असतो की 'गॅस भरा' हेच त्याला सगळ्यात सोपं पडतं. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. इंटरनेटवर शोधताना वर येणारे 'अधिकृत सर्व्हिस सेंटर'चे नंबर बऱ्याचदा भलत्यांचेच असतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनच्या स्टिकरवरचा घ्या.

आता गॅस. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात, कधी पुढच्याच महिन्यात, तुम्ही पुन्हा पैसे देणार. म्हणून हे प्रश्न क्रमानं:

"गळती कुठं आहे, दाखवा." आउटडोअरच्या बाजूला जिथं दोन तांब्याच्या नळ्या नटांनी जोडलेल्या असतात, तिथं टॉर्च मारा. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ चिकटते आणि नटाभोवती काळसर ओशट वलय दिसतं. दिसलं तर गळती बहुतेक तिथंच. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. नट नुसते आवळून भागतंय की नळीचं तोंड पुन्हा करायचं, ते त्याला विचारा. तिथं काही नसेल तर कॉइलमध्ये गळती असू शकते; त्यासाठी नायट्रोजन भरून प्रेशर धरून बघावं लागतं.

"गॅस कुठला?" स्टिकरवर आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९० लिहिलेलं असतं. भलता गॅस टाकला तर कॉम्प्रेसर जातो. आर-३२ पेट घेऊ शकतो, आर-२९० तर सहज पेटतो; गॅस आत असताना बत्ती लावून ब्रेझिंग (नळ्या तापवून सांधणं) करायला निघालेल्या माणसाला थांबवा. आर-२९० चं काम कंपनीच्या माणसाकडूनच.

"व्हॅक्यूम किती वेळ?" गळती दुरुस्त केल्यावर पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढावी लागते, वीस मिनिटं-अर्धा तास. पंप आणलेलाच नसेल तर काम आज नको.

"वजनावर भरणार का?" स्टिकरवर ग्रॅम छापलेले आहेत. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढेच भरायचे. नुसतं मीटरचं प्रेशर बघून 'झालं साहेब' म्हणणं इन्व्हर्टर एसीत भरवशाचं नाही, कारण त्यात कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो.

इनडोअरच्या कॉइलवर किंवा बाहेरच्या बारीक नळीवर बर्फ दिसला तर? तोही गॅसचाच पुरावा मानतात, पण आधी फिल्टर धुवा, दोन तास फक्त पंखा चालवून बर्फ वितळवा आणि पुन्हा बघा. हवा कमी मिळाली तरी बर्फ धरतो. स्वच्छ फिल्टरवरही धरला तर गॅसचा संशय खरा.

आउटडोअरचा पंखा फिरतोय पण बाहेर गरम हवाच येत नाही, असं असेल तर जुन्या एसीत बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो. स्वस्तातला भाग, पाच मिनिटांचं काम, आणि उन्हाळ्यात हमखास जाणारा. झाकण मात्र तुम्ही उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

बदललेला भाग मागून घ्या. पावतीवर गॅसचं नाव, ग्रॅम आणि किती दिवसांची हमी, हे लिहून घ्या. "लिहायची काय गरज ताई, मी आहे ना," असं म्हणणारा जूनमध्ये सापडत नाही. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वार्षिक करार घेताना गॅस आणि पीसीबी त्यात आहेत का, एवढंच विचारा. नसतील तर तो करार म्हणजे आगाऊ पैसे भरून घेतलेल्या दोन सर्व्हिस.

७. कूलरला नाक मुरडू नका

मुंबईकरांचा कूलरवर विश्वास नसतो आणि मुंबईत तो नसावाच. इथं गोष्ट वेगळी. बाहेर ४० अंश आणि हवा खडखडीत कोरडी असताना चांगला कूलर २५-२६ अंशांची हवा देतो, तेही दीड-दोनशे वॉटमध्ये. विदर्भातून किंवा जळगाव-धुळ्याकडून आलेल्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

फक्त तीन गोष्टी पाळा. कूलर खिडकीला, बाहेरची हवा ओढेल असा. आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं, नाहीतर अर्ध्या तासात खोली दमट होते. कूलर आणि एसी एका खोलीत एकाच वेळी कधीही नाही, एक ओल घालतो आणि दुसरा ती काढण्यात दमतो. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर पॅडवर पांढरा थर धरतो, दर महिन्याला बघा.

माझी पद्धत अशी: दिवसा हॉलमध्ये कूलर, रात्री बेडरूममध्ये थोडा वेळ एसी. मे संपता संपता ढग येतात, हवा जड होते, त्या दिवसापासून कूलर बंद.

८. नवा एसी घ्यायचाच असेल तर

मधल्या मजल्यावर १०×१२ ची खोली १ टनात भागते. तीच शेवटच्या मजल्यावर पश्चिमेला असेल तर दीड टन. जाहिरातीतला 'टर्बो' सोडा. जास्तीत जास्त किती बाहेरच्या तापमानाला चालतो, तो आकडा विचारा, ५० च्या पुढचा घ्या. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तासांसाठी असतात. तुमचे तास त्याच्याशी ताडून बघा.

९. घरातली माणसं

मशीनच्या नादात हे राहून जातं. वृद्ध, तान्ही बाळं, गरोदर बायका, बीपी-हृदयाची औषधं घेणारे आणि दिवसभर स्वयंपाकाच्या गॅसपाशी उभं राहणारं माणूस, ह्यांची दुपार आधी बघा. स्वयंपाक सकाळी दहाच्या आत उरका, डाळ-भात एकदाच लावा. कोरड्या हवेत घाम दिसत नाही म्हणून तहानेवर विसंबू नका. ताक, पन्हं, कोकम, सब्जा घातलेलं सरबत, माठातलं पाणी, जे आवडेल ते, पण थोडं थोडं सतत. ओआरएस घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजानं वाढवू नका. बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मीठपाण्याचं डॉक्टरांना विचारावं.

वीज गेली आणि पंखाही नाही, तर ओला पंचा मानेवर-छातीवर. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर साध्या पंख्याऐवजी बीएलडीसी (कमी विजेच्या मोटरचा) पंखा लावला तर पंचाहत्तर वॉटच्या जागी तीस-पस्तीस वॉटमध्ये भागतं, बॅटरी दुप्पट वेळ टिकते.

अंग चटका बसेल इतकं तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, चक्कर येऊन पडलाय, फिट आलीय, तर हा उष्माघात. लगेच १०८ ला फोन. तोवर सावलीत आडवं करा, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, मान, काखा आणि जांघेत ओले थंड कपडे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

१०. पावसाच्या तोंडावर

मे अखेरीस वळवाचे वारे सुटायच्या आत गच्चीवरची नेट उतरवून घडी घालून ठेवा. उडून विजेच्या तारांवर गेली तर सगळ्या गल्लीची वीज जाते. कूलरची पॅड उन्हात कडक वाळवून मगच माळ्यावर टाका.

हवा दमट झाली की एसीतून पाणी यायला लागेल आणि उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या ड्रेन पाईपमध्ये धूळ, किडे, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर अडकलेलं असेल. मग पाणी इनडोअरमधून थेट गादीवर. आधीच पाईपच्या बाहेरच्या टोकातून जोरात हवा फुंकून किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावून तो मोकळा करा, वरून तांब्याभर पाणी ओतून बघा, आणि पाईपचं तोंड बाल्कनीच्या जाळीत सोडा. खालच्या मजल्याच्या खिडकीवर टपटप सुरू झाली तर वर्षभराचं भांडण ठरलेलं.